धबधब्याखालची पाठमोरी

ऋजुताला चुका शोधण्याचाच पगार मिळत होता. मेडनहेडजवळच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्याने केलेलं काम घ्यायचं आणि ते कुठे फसतंय ते दिसेपर्यंत त्याला टोचत बसायचं, हा तिचा धंदा. अशा बाईच्या हाती नवऱ्याने आपला पासपोर्ट देऊ नये. पण प्रणवने दिला, आणि वर म्हणाला, "डेट्स तूच भर गं, माझ्याकडून काहीतरी मिस होईल."

कामाच्या व्हिसावर इंग्लंडमध्ये पाच वर्षं काढली की कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो. आयएलआर म्हणतात त्याला, आणि त्या गावातली निम्मी मराठी घरं त्या तीन अक्षरांकडे डोळे लावून बसलेली असतात. पाच वर्षांत देशाबाहेर कधी गेलात, कधी परतलात आणि कशासाठी, याची यादी त्या अर्जात द्यावी लागते. ऋजुता प्रणवची बायको म्हणून इथे आली होती, म्हणजे तिचं इथलं राहणं त्याच्या अर्जाला बांधलेलं. हे तिला आधीही माहीत होतं, पण त्या शनिवारी सकाळी ते पहिल्यांदा टोचलं.

झालं असं. मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत प्रणव पंधरा दिवस पुण्याला गेला होता. कारण तिला पाठ होतं. तिच्या सासूबाई, अरुणाबाई, इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला बसल्या होत्या. दहा दिवस मौन, फोन जमा करून घेतलेला. मागे सासरे रघुवीरराव एकटे, आणि त्यांना साधा कुकर लावता येत नाही. म्हणून लेक सोबतीला गेला. ऋजुताला तेव्हा नवऱ्याचं फार कौतुक वाटलं होतं. ऑफिसात दोघीतिघींना सांगितलंही होतं.

आणि आता त्याच पंधरा दिवसांच्या मधोमध, पासपोर्टच्या पानावर, थायलंडचे दोन शिक्के. क्राबीचा विमानतळ. बारा फेब्रुवारीला आत, एकवीसला बाहेर.

तिने पासपोर्ट खिडकीपाशी नेऊन पाहिला. शिक्का तोच राहिला. अर्जातल्या त्या ओळीत तिने दोन्ही तारखा भरल्या आणि 'कारण' हा रकाना रिकामा ठेवला.

सरळ विचारून टाकावं की, असं कुणीही म्हणेल. पण टेस्टरची खोड अशी, की चूक सापडली म्हणून लगेच बोंब मारायची नाही. आधी ती खरंच चूक आहे का, हे दुसऱ्या बाजूने तपासून बघायचं. दुसरी बाजू सोयीस्करपणे घरातच होती. सासू-सासरे उन्हाळ्यासाठी आले होते आणि रघुवीरराव मागच्या खोलीत चहा पीत बसले होते.

रघुवीरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हयात धरणांवर गेली. मेडनहेडमध्ये येऊनही थेम्सच्या बंधाऱ्यावर रोज जाऊन ते पाण्याची पातळी बघून यायचे आणि मान हलवायचे, जणू तिथलं खातं त्यांच्या शेऱ्याची वाट बघतंय.

"बाबा," ऋजुताने बिस्किटांची बशी पुढे केली, "गेल्या वर्षी आई इगतपुरीला होत्या तेव्हा प्रणवने तुम्हाला काय काय करून घातलं?"

"प्रणवने? अगं, तो तीन दिवस राहिला आणि बंगळूरला गेला ऑफिसच्या कामाला. नऊ-दहा दिवस तिकडेच होता. मी आपला डबा लावला होता." मग त्यांचा आवाज आवडत्या विषयाकडे वळला. "पण तुझ्या सासूने मात्र कमाल केली हो. दहा दिवस तोंडातून शब्द नाही! आल्यावर चेहऱ्यावर काय तेज! उन्हाने रापली होती, पण तेज."

हे तेज त्यांनी मेडनहेडमधल्या प्रत्येक मराठी माणसाला ऐकवलं होतं. ऋजुताच्या डोक्यात मात्र एकच शब्द घुमत होता. बंगळूर. म्हणजे बापाला एक थाप आणि बायकोला दुसरी.

पुढचे तीन आठवडे तिने जे केलं त्याची तिलाच नंतर लाज वाटली. त्याच्या जुन्या बॅगेचे कप्पे तिने उलटे केले. जुने शर्ट हुंगून पाहिले, आणि त्यांना फक्त साबणाचा वास होता. शेवटी माळ्यावरचा जुना टॅबलेट चार्ज केला. प्रणवच्या फोनवरचे फोटो कधीकाळी त्यात आपोआप उतरायचे. फेब्रुवारीतला एकच फोटो तिथे उरला होता.

फोटोत जंगल होतं, अंगावर येणारं हिरवं. मधोमध उंच काळ्या कातळावरून पडणारा धबधबा. त्याच्याखाली एक बाई उभी होती, पाठमोरी. सडपातळ, निळा टी-शर्ट, काळी लेगिंग, दोन्ही हात वर केलेले आणि मोकळे काळे केस थेट कमरेपर्यंत. पाण्याखाली ती अशी उभी होती की जगात तिला दुसरं काही काम नाही.

ऋजुता त्या पाठीकडे किती वेळ बघत बसली कोण जाणे. रडू आलं नाही, संताप आला. आपण इथे फेब्रुवारीच्या थंडीत बंद पडलेल्या बॉयलरसाठी माणूस शोधत होतो, आणि ही बया तिकडे हात वर करून न्हात होती.

त्यानंतर ती दक्षिण थायलंडच्या धबधब्यांची जाणकार झाली. रोज ऑफिसच्या लंचमध्ये क्राबीच्या आसपासचे धबधबे इंटरनेटवर काढायचे आणि त्यांचे कातळ त्या फोटोशी ताडून बघायचे. रबराच्या बागांतून रस्ता कुठे जातो, कुठे झाडांच्या मुळांच्याच पायऱ्या झाल्यात, कुठे एकावर एक टप्पे आहेत आणि वर चढेपर्यंत निम्मे लोक कंटाळून परततात, कुठल्या डोहात मासे येऊन पायाला टोचे मारतात, सगळं तिला पाठ झालं. सहाव्या दिवशी तिला नेमका तो कातळ सापडला. पाचवा टप्पा. खाली डोह, उजवीकडे लोंबणारी जाड वेल. स्थळ मिळालं होतं, आता माणूस हवं होतं.

संशय पहिल्यांदा गेला तो वरदावर. ती प्रणवच्या टीममधली, मूळची नागपूरची. ऋजुताच्या आठवणीप्रमाणे तिचे केस लांब होते, आणि त्या फेब्रुवारीत ती ग्लासगोला क्लायंटकडे असल्याचं प्रणवच कधीतरी बोलला होता. ऋजुताने तिला रविवारी चहाला बोलावलं. साबुदाण्याची खिचडी केली. एवढ्या प्रेमाने बोलावलं की बिचारी फुलं घेऊन आली.

दार उघडलं आणि ऋजुताचा चेहरा पडला. वरदाचे केस मानेपर्यंत होते.

"केस कधी कापलेस?"

"हे? तीन वर्षं झाली गं. मेंटेन करायचा सॉलिड कंटाळा. का, चांगले नाही दिसत?"

"दिसतात की. मला वाटलं, हॉलिडेला वगैरे गेलीस की लांबच बरे. थायलंडला वगैरे."

"थायलंड? मी अजून इथल्या इथे कॉर्नवॉलला नाही गेलेय! तुझा नवरा लीव्ह अप्रूव्ह करेल तेव्हा ना!" वरदा हसली आणि दुसऱ्यांदा खिचडी वाढून घेतली.

ती गेल्यावर ऋजुताचं समाधान व्हायला हवं होतं. झालं उलटंच. ओळखीच्या बाईवर निदान नजर तरी ठेवता येते. आता ती पाठ कुणाचीही असू शकत होती. प्रणव भांडी घासत गुणगुणत होता, आणि त्याचं गुणगुणणंही तिला संशयास्पद वाटलं. अर्जाची तारीख आठवड्यावर आली होती. ज्या माणसाच्या नावावर आपण या देशात उभे आहोत तो आपला आहे की नाही, हेच जर ठाऊक नसेल, तर खाली सही कशाची करायची?

सोमवारी ती घरून काम करत होती. सकाळी सातला कॉफी करायला खाली उतरली आणि जिन्यातच थबकली. मागच्या खोलीत सासू-सासऱ्यांचा रोजचा कार्यक्रम चालू होता. अरुणाबाई शिबिराहून आल्यापासून रघुवीररावांनाही ध्यानाची गोडी लागली होती. रोज सकाळी ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि अरुणाबाई त्यांना सांगायच्या. ऋजुताने ते आजवर कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

"आता चढ संपला," अरुणाबाईंचा आवाज हलका, संथ होता. "बरेच लोक तिसऱ्या टप्प्यावरूनच परतलेत. आपण पाचव्याला आलोय. दगड शेवाळलेला आहे, उजवीकडची वेल धरायची. पाय डोहात सोडायचे. बारके मासे येऊन टोचे मारतील, घाबरायचं नाही. आता पाण्याखाली जायचं. आधी नुसता मार बसतो. मग थंडी. मग काहीच नाही. आपलं नावसुद्धा नाही."

रघुवीररावांचा चेहरा लहान मुलासारखा निवांत होता.

ऋजुताने कठडा धरला. लग्नाआधी तिने स्वतः हे शिबिर केलं होतं. तिथे फक्त श्वासाकडे बघायला सांगतात, मग अंगावरच्या संवेदनांकडे. डोळ्यांपुढे काहीही आणायचं नाही, अशी तर ताकीद असते. इगतपुरीच्या शिबिरात कुणी वेल धरायला सांगत नाही आणि मासे तर मुळीच सोडत नाही.

आणि मग तिच्या लक्षात आलं की पाच वर्षांत तिने सासूचे मोकळे केस कधी पाहिलेच नव्हते. घट्ट अंबाडा, त्यात चार काटे. पहाटे उठायच्या तेव्हाही तो घातलेलाच असायचा.

दुपारी तिने लॅपटॉप मिटला. "आई, चला, नदीवर जाऊन येऊ." रघुवीरराव जेवून लवंडले होते. दोघी बंधाऱ्यापाशी आल्या. पाणी दाराखालून घुसळत निघालं होतं आणि बाकावर त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. ऋजुताने टॅबलेट काढून फोटो त्यांच्यासमोर धरला.

"आई, ह्या तुम्ही आहात?"

अरुणाबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं, नवरा झाडाआड उभा असावा तसं. मग हात पुढे करून टॅबलेट घेतला.

"मी हा पाहिलाच नाही," त्या म्हणाल्या. "त्याला म्हटलं होतं, सगळे पुसून टाक. तुला कुठे सापडला?"

ऋजुताने सगळं सांगितलं. शिक्के, बंगळूर, शर्ट, वरदाची खिचडी. "आई, मला वाटलं ही प्रणवची कुणीतरी आहे."

अरुणाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "ही? ही पाठमोरी?"

"हो."

"तुला केवढी वाटली?"

"तिशीची."

अरुणाबाई हसायला लागल्या ते थांबेनात. पदराने डोळे पुसावेत तर अंगात पंजाबी ड्रेस, म्हणून ओढणीने पुसले. "साठ पूर्ण झाली होती गं मला! तिशीची म्हणे!" मग हसू ओसरलं आणि त्यांनी ऋजुताचा हात हातात घेतला. "तीन आठवडे तू हे असं मनात धरून होतीस? चुकलंच माझं."

"पण कशासाठी, आई? एवढं लपवण्यासारखं काय होतं त्यात?"

अरुणाबाई बंधाऱ्याकडे बघत बोलू लागल्या. "हे धरणांवर होते. आपल्याकडे एक धबधबा नाही जो मी पाहिला नाही. पण लांबून. ह्यांच्या देखत एक ओव्हरसीयर बुडाला होता, तेव्हापासून पाण्याचा भरवसा नाही, हे एकच वाक्य. ते आणि पोरं गुडघाभर पाण्यात जायचे, मी काठावर. सगळ्यांचे कपडे, चष्मे, घड्याळं माझ्या मांडीवर. पस्तीस वर्षं मी काठावर बसून कपडे सांभाळले, ऋजुता. साठीचं काय हवं म्हणून प्रणवने विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, मला एकदा पाण्याखाली उभं राहायचंय. तो म्हणाला लोणावळा. म्हटलं, तिथे वळणावळणावर ह्यांच्या खात्यातलं कुणीतरी भेटेल. मग त्यानेच हे शोधलं. आणि दहा दिवस बाईने घर सोडावं, फोन लागू नये, आणि वर नवऱ्याला अभिमान वाटावा, असं विपश्यनेशिवाय दुसरं काय आहे, तूच सांग."

"आणि पासपोर्ट? बाबा तर सगळे कागद स्वतःकडे ठेवतात."

"शिबिराला ओळखपत्र लागतं म्हणून मागून घेतला, मग माझा मी पर्समध्येच ठेवायला लागले. ह्यांना वाटतं, शिबिरामुळे मी स्वावलंबी झाले."

आता ऋजुतालाही हसू आलं. "नऊ दिवस काय केलंत?"

"चार धबधबे. एकाच्या शेजारी तर गरम पाण्याचा झरा होता, दगडाच्या टबात बसावं तसं बसायचं. पण पहिल्या दिवशी मी काय केलं माहितीये? एवढ्या लांब जाऊन, जंगल तुडवून, सवयीने काठावर बसले आणि प्रणवचा टॉवेल मांडीवर घेतला. त्याने तो काढून घेतला. म्हणाला, आई, आज मी सांभाळतो. मग काटे काढले, तेही त्याच्याच हातात दिले."

ऋजुताने टॅबलेट परत घेऊन बंद केला. मग जे खुपत होतं ते बोलून टाकलं. "मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतंस म्हटलं. तू कौतुक केलं असतंस. ग्रुपवर फोटो टाकले असतेस, केक आणला असतास. मला परवानगी नको होती तसं कौतुकही नको होतं. म्हणून त्याच्याकडून शब्द घेतला, बायकोलासुद्धा नाही. तो तुझ्याशी खोटं बोलला ते माझ्यामुळे."

हे लागलं, कारण खरं होतं. ती खरोखरच केक घेऊन आली असती.

संध्याकाळी तिने प्रणवला बागेत गाठलं. तो खूप ओशाळला. "सॉरी यार. प्रॉमिस केलं होतं आईला. रोज फोनवर तुला थापा मारताना मला कसंतरी व्हायचं."

"आणखी काही आहे?"

"नाही. गॉड प्रॉमिस."

तिने विश्वास ठेवला. पासपोर्टची उरलेली पानंही मात्र तिने एकदा चाळून घेतली.

रविवारी अर्ज पाठवायचा होता. आणि रघुवीरराव घरात असताना फॉर्म भरला जाणार म्हणजे तो ते तपासणारच. जेवणाच्या टेबलावर त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पासपोर्ट समोर घेतले आणि पानागणिक शिक्के यादीशी ताडू लागले. ऋजुताला हे सुचायला हवं होतं. सुचलं तेव्हा उशीर झाला होता.

"हे काय? थायलंड? बारा ते एकवीस?" त्यांनी चष्म्यावरून लेकाकडे पाहिलं. "तू तर बंगळूरला होतास. आणि इथे कारण का लिहिलेलं नाही?"

प्रणवने पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला. अरुणाबाई आमटी वाढत होत्या, त्यांचा डाव हवेतच राहिला.

"ऑफिसची ट्रिप होती बाबा," ऋजुता म्हणाली. आपण इतकं सफाईने खोटं बोलू शकतो याचं तिला नवल वाटलं. "बंगळूरहून सगळी टीमच गेली आयत्या वेळी. मला माहीत होतं. कारण लिहायचं राहिलं, एवढंच."

"असं होय." रघुवीररावांचं समाधान झालं. पाण्याचा विषय आठवून ते खुललेही. "तिकडे धबधबे मोठे असतात म्हणे जंगलात. गेलास का पाण्यात?"

"नाही बाबा," प्रणव म्हणाला. बायकोच्या थापेवर आपली आणखी एक रचणं त्याला जमणारं नव्हतं. "मी काठावर होतो. कपडे सांभाळत."

रघुवीरराव मोठ्याने हसले. "मग एवढ्या लांब गेलास कशाला? ते काम तर आपल्याकडे हिचं!"

अरुणाबाईंनी डाव पातेल्यात ठेवला.

"त्या दिवशी माझं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी पाण्यात होते."

रघुवीररावांनी बायकोकडे पाहिलं, मग पासपोर्टकडे. माणूस हिशेबाला पक्का. इगतपुरीच्या तारखा त्यांच्या तोंडपाठ होत्या. त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. ते उठले, चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि बागेत जाऊन उभे राहिले. ताटातली आमटी निवली.

ऋजुताने त्या रकान्यात 'सुट्टी' भरलं आणि दुपारी अर्ज पाठवून दिला.

त्यानंतर तीन दिवस रघुवीरराव कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. घरात कुणीतरी खरं मौन पाळलं ते त्यांनी. सकाळी खुर्चीत बसायचे नाहीत, सरळ बंधाऱ्यावर जायचे. अरुणाबाई वेळेवर चहा ठेवत होत्या, पण माफी मागत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या अंबाडा न घालताच खाली आल्या. केस पाठीवर तसेच मोकळे. रघुवीररावांनी वर्तमानपत्रातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

चौथ्या दिवशी सातला ऋजुता खाली येत होती. मागून प्रणव. ती जिन्यात थांबली आणि तिने त्यालाही हाताने थांबवलं.

रघुवीरराव खुर्चीत बसले होते, डोळे मिटून. अरुणाबाई दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"सुरू कर," ते म्हणाले. तीन दिवसांत घसा बसल्यासारखा झाला होता. "पण मला काठावर बसव. कपडे माझ्याकडे दे. आणि मग तू पाण्यात जातेस ते सांग."

अरुणाबाईंनी कप खाली ठेवला आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून घेतली.